दोरा सोडणारे सर

मोतीराम खरपडे रविवारी क्लासला यायचा तेव्हा रात्रपाळी त्याच्या डोळ्यांत तशीच असायची. तलासरीच्या अलीकडे हायवेवर एका मोठ्या हॉटेलात ट्रक लावायची जागा आहे, तिथे तो रात्रीचा वॉचमन. सकाळी शिट्टी खुंटीला अडकवायची, शेअरच्या जीपला मागे लटकून पाड्याच्या फाट्यावर उतरायचं आणि घरी न डोकावता तडक शाळेच्या पटांगणात जायचं. तिथे पोरी आधीच येऊन खडे वेचत असत. अनवाणी पायांना टोचू नयेत म्हणून.

कराटे तो उंबरगावला शिकला. ऐन तारुण्यात तिथल्या कारखान्यात लागला होता, आणि कॉलनीतले एक गुजराती सर संध्याकाळी शिकवायचे. ते मारुतीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळल्याशिवाय क्लास सुरू करत नसत. मोतीरामने ब्लॅक बेल्ट आणला, उदबत्ती मात्र आणली नाही. देवाधर्मापासून तो मुद्दामच लांब राहिला होता. बाप पाड्याचा भगत. तांदळाचे दाणे मांडून दुखणं बघायचा, देवाच्या नावाने दोरा बांधायचा. थोरला भाऊ हाल्या बापाच्या मागे बसायला, म्हणजे भगतकी करायला, शिकला. मोतीरामलाही बसवलं होतं, मंत्र तोंडपाठ करून घेतले होते, पण एक दिवस तो उठला आणि म्हणाला, ‘माझा विश्वास नाही, मी बसत नाही.’ बाप मरेपर्यंत त्याच्याशी कामापुरतंच बोलला.

म्हणून मोतीरामच्या क्लासात तसबीर नव्हती. पोरं गुडघे टेकून जमिनीलाच वाकून नमस्कार करायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पाड्यातली बुधी कुंपणापलीकडून ओरडली होती, “सर, नमस्कार कोणाला घालता? तिथं तर शेणाशिवाय काय नाय!”

“जमिनीला, बुधीबाय.”

“मग नारळ तरी फोडा तिच्या नावानं. फुकट किती वाकवाल पोरांना?”

पोरं हसली होती. मोतीरामही हसला होता. पण त्याच बुधीने पुढच्या वर्षी आपली मुलगी जानी क्लासला पाठवली, तेव्हा कुठे बाकीच्या आयांचा धीर झाला. त्याआधी काही वर्षं क्लासात नुसते मुलगे, तेही पीक कापायला आलं की गायब. पोरी टिकल्या त्या जानीमुळे. जानी थांबली असती तर बाकीच्याही थांबल्या असत्या, हे मोतीरामला पक्कं ठाऊक होतं.

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात जानी तापाने आडवी झाली. कासाच्या दवाखान्यात सलाईन लागलं, आणि घरी आल्यावर हाल्याने पाड्याच्या हिरवा देवाच्या नावाने तिच्या दंडाला काळा दोरा बांधला. दवाखानाही हवा आणि दोराही हवा, असंच पाड्यात चालतं. दोरा सुटणार होता दिवाळीनंतर, देवाची पूजा झाली की. आणि कराटेची स्पर्धा आली दिवाळीच्या आधी.

डहाणू रोडला एका शाळेच्या हॉलमध्ये निळ्या मॅट अंथरल्या होत्या. जानी पांढरा ड्रेस घालून उभी राहिली. पंच बाईंनी बाही वर केली आणि दोऱ्यावर बोट ठेवलं.

“हे काढा.”

“वरून पट्टी बांधतो, मॅडम.”

“सर, पट्टीखाली काय आहे ते मी आत्ताच बघितलं ना. बोट अडकतं, पोरींना लागतं. अंगावर काही म्हणजे काही नको. काढा नाहीतर समोरचीला विजयी देते.” बाई रागाने बोलत नव्हत्या. त्यांनाही सकाळपासून हेच सांगावं लागत असणार.

मोतीरामने जानीकडे पाहिलं. तिने दंड दुसऱ्या हाताने झाकून घेतला होता.

“सर, काढला तर आई यापुढं क्लासला पाठवणार नाय.”

“आणि तसेच परत गेलो तर?”

“तरी नाय पाठवणार. म्हणेल, एवढं लांब जाऊन नुसती बसून आली.”

मोतीरामने हॉलच्या पायरीवर येऊन हाल्याला फोन लावला. हाल्या कासाच्या बाजारात होता. मागे कोंबड्यांचा कलकलाट.

“दादा, जानीचा दोरा काढायला सांगतायत. काय करू?”

“काय करू म्हणजे? ज्यानं बांधला त्याच्या हातानंच सुटतो. मी काय उडत येऊ?”

“दुसरं कोणी नाही सोडू शकत?”

हाल्या बाजाराच्या कडेला सरकला. “आपल्या घरातलं माणूस सोडू शकतं. ज्याला बानं बसवलंय असं.”

“म्हणजे कोण?”

“आता कोण राहिलंय? मी आणि तू.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “पण मोत्या, सोडणाऱ्यानं मग सांभाळायचं. वेळ झाली की परत त्यानंच बांधायचं. त्या घराचं पुढचं बघायचं ते पण त्यानंच. हे तुला सांगायला नको.”

सांगायला नकोच होतं. हे टाळायलाच तर तो त्या दिवशी बापासमोरून उठला होता. आपलंच आपल्याला धड होत नाही, त्यात आणखी कोणाच्या घरचं दुखणंखुपणं आपल्या मानेवर कशाला, असं त्याला तेव्हाही वाटलं होतं. आता तर वाटण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

आत माइकवर जानीचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं.

तो आत गेला, मॅटच्या कडेला गुडघे टेकून बसला. जानीने डोळे मिटले. गाठ हाल्याची, लोखंडासारखी. नखाने ती सैल करताना मोतीरामच्या ओठांतून बापाचे शब्द आपोआप बाहेर आले. इतकी वर्षं उच्चारले नव्हते, एकही गहाळ झाला नव्हता. दोरा जमिनीवर ठेवायचा नसतो, खिशात कोंबायचा नसतो. त्याने तो स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि पंच बाईंना म्हणाला, “घ्या.”

जानी पहिली फाइट जिंकली. दुसऱ्या फाइटमध्ये बोईसरच्या एका उंच पोरीने तिला चोख हरवलं. तक्रार करायला जागाच नव्हती. परतताना जीपमध्ये ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि खांदा आखडला तरी तो हलला नाही.

फाट्यावर बुधी उभी होती. पोरीने गळ्यात तिसऱ्या नंबरचं मेडल घातलं होतं, पण बुधीची नजर आधी दंडावर गेली.

“दोरा कुठंय?”

मोतीरामने मनगट पुढे केलं.

“सोडला कोणी?”

“मी.”

बुधी ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. “तुम्हीच तर म्हणता ना, मी त्यातला नाय? मग हात कसा लावलात?”

“पोरगी रिकाम्या हातानं आली असती, बुधीबाय.”

“ते मेडल मला नको. पोरगी हवी. पावसाळ्यात तिला गेलेली बघितलीय मी.” तिने पदराने तोंड पुसलं. “सोडलात ना, आता बांधा पण तुम्हीच. हाल्याला मध्ये घालू नका. नाय बांधलात तर जानी येणार नाय. आणि मी पाड्यात गप्प बसणार नाय, हे पण सांगते.”

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून सुटल्यावर तो हाल्याच्या अंगणात गेला. हाल्या दोर वळत होता.

“दादा, मी विश्वास नाही म्हटलं होतं.”

“ते बाला म्हटलंस. देवाला कुठं म्हटलंस?”

“आता बांधायला बसलो तर नुसतं नाटक होईल.”

हाल्याने पायाच्या अंगठ्यात दोर ताणला. “तू पोरींना रिकाम्या हवेत बुक्के मारायला लावतोस. समोर कोण नसतं. शेजारच्या गल्लीतली कुत्री पण हसतात. ते नाटक असतं?”

“तो काता आहे. समोर कोण आहे असं धरून करायचं असतं.”

“मग तेच कर की.”

 तसं उत्तर मोतीरामकडे होतं, पण रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला वाद घालायचाही कंटाळा येतो. त्याने आंघोळ केली, सुपात तांदूळ घेतले आणि बुधीच्या अंगणात बसला. दाणे मांडले. गुडघे दुखत होते. जानी समोर बसली, तशीच ताठ, जशी क्लासात बसते. त्याने दोरा बांधला. आपण मानतो की नाही ते त्याला त्या क्षणीही ठरवता आलं नाही. गाठ मात्र त्याने निष्काळजीपणे मारली नाही. बुधीने ती ओढून बघितली आणि जानीला म्हणाली, “रविवारी लवकर उठ. सरांना ताटकळत ठेवू नको.”

रविवारी तो पटांगणात आला तर खडे वेचणाऱ्या पोरींच्या घोळक्यात नवे चेहरे होते. शेजारच्या शुक्रीची धाकटी पोर, जिला नवसाचा दोरा आहे म्हणून आजीने आजवर क्लासला पाठवलं नव्हतं. हिरूच्या जुळ्या बहिणी, एकीच्या दंडाला दोरा, एकीच्या कमरेला. कुंपणाबाहेर आया उभ्या. बुधी सगळ्यांच्या पुढे.

“सर सोडतात आणि सर बांधतात,” ती शेजारणीला सांगत होती. “घरचेच भगत आहेत ते.”

मोतीरामने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि समोर रांग लागलेली दिसली. पोरींनी बाह्या वर करून ठेवल्या होत्या.

अंगावर दोरा नको हा स्पर्धेचा नियम आता क्लासातही आला, आणि त्या दिवसापासून पहिला तास दोरे सोडण्यात जाऊ लागला. ओठांत मंत्र पुटपुटायचा, दोरा काढायचा, आपल्या मनगटावर घ्यायचा. कमरेचा दोरा आईने कुंपणाशी काढून द्यायचा, हात मात्र त्याने लावायचा, अशी तडजोड निघाली. ज्या दिवशी दोरे अंगावर घेतले तो सगळा दिवस त्याला मासमच्छी वर्ज्य, पाणीसुद्धा बसूनच प्यायचं. रविवारी दुपारी घरी चंद्रावती पोरांना बोंबील वाढायची आणि नवऱ्यासमोर डाळभात ठेवायची.

“सर झालात, वॉचमन झालात, भगत पण झालात,” ती म्हणायची. “आता नवरा कधी होणार?”

“झोप झाली की,” तो म्हणायचा, आणि जेवता जेवता पेंगायचा.

क्लास संपला की पुन्हा बांधायचं काम. तोवर रात्रीचं जागरण पाठीत उतरलेलं. एका रविवारी शेवटची उरली शुक्रीची धाकटी. त्याने गाठ मारली, उठायला हात टेकला.

“सर, सैल झाला,” पोरगी म्हणाली.

त्याने बोट घालून पाहिलं. सैल होता खरा. मोतीराम पुन्हा गुडघ्यांवर बसला, गाठ सोडली, आणि पहिल्या शब्दापासून परत सुरुवात केली.