भिंतीतला पिंपळ

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या इमारतीसाठी मी जिवंत भिंत बांधली होती. कॉम्प्युटरवर कप्पे आखायचे, ते मशीनने सिमेंटच्या बोर्डात कोरून घ्यायचे आणि प्रत्येक कप्प्यात एक रोप लावायचं. नांदेडच्या माझ्या ऑफिसात, स्क्रीनवर, ती भिंत इतकी हिरवीगार दिसायची की माझा मीच तिच्यावर फिदा होतो.

रोपं सांभाळायला एक म्हातारे माळी होते. भूकंपात त्यांचं दगडमातीचं घर झोपेतच अंगावर आलं होतं. तेव्हापासून कुठल्याही भिंतीजवळ गेले की ते आधी तिच्यावरून तळहात फिरवायचे. माझ्या भिंतीवरूनही फिरवला आणि म्हणाले, "आमी जलमभर भिंतीतलं झाड उपटलं, साहेब. तुमी लावायलात." मी त्यांना अर्धा तास तंत्रज्ञान समजावलं. ते "हाव, हाव" म्हणत पाणी घालत राहिले.

एप्रिलात बघायला गेलो. कॉम्प्युटरवर मी सगळं आखलं होतं, फक्त लातूरचं ऊन विसरलो होतो. एकूण एक रोप वाळलं होतं. एका फटीत मात्र, कुणीही न लावलेला, वीतभर पिंपळ तरारला होता. पुरस्काराच्या अर्जासाठी मी लगेच त्याचा जवळून फोटो काढला.

"मामा, हा राहू द्या. माझ्या भिंतीत तेवढाच जगलाय."

मामांनी भिंतीवरून हात फिरवला, पिंपळ मुळासकट ओढून काढला आणि म्हणाले, "आत लेकरं बसत्यात, साहेब."