पाठीशी ठेवलेला हात

“हलला त्यो गेला!” एवढं बजावून आमचे फोटोग्राफर कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटेच्या खणाचं सरकतं झाकण उजव्या हाताने ओढून काढायचे, ते आडवं दातांत धरायचे आणि मग त्याच हाताने भिंगावरचं टोपण उचलायचे. समोर सगळी शाळा श्वास रोखून बसलेली, आणि हा उंच, किडकिडीत माणूस मांजरीने पिल्लू धरावं तसं झाकण तोंडात धरून आमच्याकडे बघत उभा. टोपण परत बसलं की दातांतूनच “बश्श” असा काहीतरी आवाज यायचा आणि सगळी शाळा एकदम खोकायला लागायची.

हे चालू असताना त्यांचा डावा हात पाठीशी असायचा, कोटाखाली. तो अधू नव्हता. वाऱ्याने टोपी उडाली तर ती चटकन याच हाताने धरलेली मी पाहिली आहे. मग दोन हात असलेल्या माणसाने दात का वापरावेत? पोरं त्यांची नक्कल करायची. पाटीची चौकट दातांत धरायची, एक हात मागे न्यायचा आणि म्हणायचं, “हयया यो येया!”

त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं अजून आहेत. वयही सांगत नाही, कारण ते मला कधी कळलं नाही, आणि मोजलेलं नाही ते सांगू नये अशी माझी सवय आहे.

धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, निजामी अमलात एक हुन्नरशाळा होती. सुतारकाम, लोहारकाम, विणकाम, बांधकाम शिकवलं जाई. मी मापन आणि नकाशे शिकवायचो. शाळेच्या इमारतींचे, कारखान्याचे आणि सगळ्या मंडळींचे फोटो दरसाल हैदराबादला जात. गावातच खोली घेऊन राहणारे आमचे फोटोग्राफर त्या कामापुरते शाळेत येत. शाळेच्या नोकरीत ते नव्हते.

आमचे सदर साहेब, म्हणजे मुख्याध्यापक, हैदराबादचे. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलंच, “क्यों भई, ये दुसरा हात कायकू छुपा के रखते जी?”

“साहेब, त्यो नोकरीत न्हाय,” फोटोग्राफर म्हणाले.

साहेब पोट धरून हसले. पुढे कुणी कामचुकारपणा केला की ते म्हणायचे, “तुम भी नोकरी में नै क्या?”

मी नवा होतो. एका खोलीत राहायचो, हाताने स्वयंपाक करायचो आणि शाळेबाहेर बोलायला माणूस नव्हतं. पहिल्या वर्षी फोटोंच्या दिवशी मी कारखान्याच्या भिंतीचा ओळंबा बघत उभा होतो, तेव्हा फोटोग्राफरांनी हाक मारली.

“मास्तर, कमानीपाशी उभं ऱ्हावा जरा.”

“माझा फोटो?”

“तुमचा न्हाय, इमारतीचा. माणसाबिगर इमारत केवढी हाय ते कळत न्हाय.”

म्हणजे मी माप. मला ते पटलं. तेव्हापासून दरसाल मी कुठल्या ना कुठल्या भिंतीपाशी उभा. तुमच्याकडे अशा जुन्या इमारतींचे फोटो असतील तर बघा, कोपऱ्यात एखादा माणूस कारण नसताना उभा असतो. तो माझ्यासारखाच कुणीतरी मोकळा माणूस असणार. टोपण उघडं असताना आमचा शिपाई घंटेकडे चालत गेला होता, तो फोटोत उमटलाच नाही. त्याला याचं फार वाईट वाटलं. “मी हुतो की तिथं!” तो सगळ्यांना सांगत होता.

“हुतास. पर थांबला न्हाईस,” फोटोग्राफर म्हणाले.

फोटो झाले की शाळेची पंगत असे. ते पंगतीत बसत नसत. कडब्याच्या गंजीच्या सावलीला जाऊन शिदोरी सोडत. लोहारकामाचे मास्तर म्हणत, “लई शिष्ट माणूस. आपल्यात बसला तर काय बाटंल का?” मलाही तसंच वाटे.

एका वर्षी ठरलेल्या दिवशी ते आले, पण फोटो काढलेच नाहीत. साहेब भडकले. मग खुलासा झाला. प्लेटा सोलापूरहून यायच्या. सोलापूर इंग्रजी मुलखात, त्यामुळे हद्दीवर निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथल्या नव्या शिपायाने पेटी अडवली होती.

“म्या सांगितलं, काचा हायेत. त्यो म्हणला, खोल. म्या म्हणलं, बाबा, खोलू नगं, उजेड लागला की मरतंय ते. तर त्यो दोन पावलं मागं सरला. मरतंय? म्हंजी आत जनावर हाय?”

साहेबांच्या खोलीत जमलेले सगळे हसायला लागले.

“मग?”

“मग काठीनं झाकण उघडलं त्येनं. एक एक काच उन्हात धरून बघितली. काय न्हाय म्हणला, जावा.”

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “जनावर! या अल्ला, जनावर!” एवढंच ते परत परत म्हणत राहिले. फोटोग्राफर मात्र हसले नाहीत. आपलं काही हुकलं असावं तसे भिंतीकडे बघत बसले.

संध्याकाळी आम्ही बाजाराकडे एकत्र चाललो होतो. मी म्हटलं, “शिपाई भलताच भोळा निघाला.”

“चुकला न्हवता त्यो,” ते म्हणाले. थोडं चालून पुढे म्हणाले, “जनावर हायेच आत.”

मग त्यांनी सांगितलं. काचेवर औषध धरून राहावं म्हणून एक खळ लावलेली असते. ती खळ जनावरांची हाडं-कातडी उकळून करतात. हैदराबादला ते हे काम शिकले. सगळं शिकून झाल्यावर उस्तादाने सहज बोलता बोलता हे सांगितलं.

“आधी कळलं असतं तर सोडलं असतंत?” मी विचारलं.

“न्हाय सुटलं असतं. त्येच तर.”

ते उमरग्याकडचे, लिंगायत. घरी किराणा मालाचं मोठं दुकान, बोलणं निम्मं कानडी. घरात मांसाचं नावही घेत नसत. हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण गावी गेल्यावर त्यांनी आपण होऊन आईला सांगितलं. “अव्वाला खोटं बोलाय येत न्हाय मला.” थोरल्या भावाने ऐकलं. तो म्हणाला, “मुट्टब्याड!” म्हणजे शिवू नको. त्या दिवसापासून त्यांचा तांब्या ओसरीवर, आणि तेही ओसरीवर.

“अव्वा रडली. म्हणली, काम सोडवत न्हाय ना तुझ्यानं? मग एक हात तरी माझ्यासाठी राख. थोरला निवळला की त्योच धरून तुला आत नेईन.”

आमच्याकडे डावा हात हलका समजतात. त्यांच्याकडे पूजेच्या वेळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेतात. म्हणून त्यांनी डावा राखला. काचा, कॅमेरा, औषधं सगळं उजव्या हाताने. त्या हाताची बोटं औषधांनी काळी-तपकिरी पडलेली, नखांत रंग मुरलेला. डावा हात गोरा, स्वच्छ. दोन वेगळ्या माणसांचे हात एकाला लावल्यासारखे दिसत. उजव्याने फुलं वाहणं त्यांनी सोडलं होतं. सकाळी डाव्या तळव्यावर लिंग घेऊन नुसतं बघत बसायचं, एवढीच पूजा.

“आणि पंगतीत का बसत नाही?”

“ज्या हातानं खाणार त्यो ह्यो. घरात चालंना, तर लोकांत कशाला बसायचं?”

दर श्रावणात ते गावी जात. अव्वा ओसरीवर येई. त्यांचा डावा तळवा हातात घेऊन हुंगून बघे, औषधाचा वास लागतो का. मग म्हणे, “चांगला ठेवलास. अजून थोडं थांब.” हे सांगताना त्यांनी तळवा असा पुढे केला होता की मीच हुंगून बघावा. मी म्हटलं, “निवळतील थोरले.”

त्यानंतर ते फोटोंच्या दिवशी आले की मी माझी शिदोरी घेऊन गंजीच्या सावलीला जाई. ते थोडं सरकून जागा करत.

मग ते वाईट वर्ष आलं. संस्थानात लुटालूट-जाळपोळीची धामधूम होती. त्या पावसाळ्यात दिवसाढवळ्याही कुणी गाव सोडत नव्हतं. ते श्रावणात गावी जाऊ शकले नाहीत. अव्वा गेल्याचा निरोप एका गाडीवानाने आणला, तोवर मातीही होऊन गेली होती. हे मला बाजारात कळलं. मी त्यांच्या खोलीवर गेलो, पण दाराला कुलूप होतं.

पुढे संस्थान हिंदुस्थानात सामील झालं. सदर साहेबांची बदली झाली. त्यांच्या निरोपाचा फोटो ठरला.

फोटोग्राफर आले. कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडलं, काळ्या कापडात डोकं घातलं. पोरं दबा धरून बसली होती, दातांतलं झाकण बघायला. त्यांनी डाव्या हाताने झाकण ओढलं आणि डाव्याच हातात धरलं. टोपणासाठी उजवा हात पुढे केला. तोंड रिकामं होतं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

मी रांगेतून उठून त्यांच्याजवळ गेलो. काही विचारायच्या आतच ते हळू म्हणाले, “मास्तर, धरून नेणारीच गेली. आता कुणासाठी राखू?”

मी म्हटलं, “आज तुम्ही बसा. टोपण मी काढतो.”

“मी कुठला बसतो? मी काय शाळंचा हाय?”

सदर साहेब खुर्चीवरूनच ओरडले, “बैठो मियाँ! इत्ते बरस सबकू बिठाए, आज तुम बैठो. मेरे बाजू में बैठो.”

साहेबांच्या शेजारची खुर्ची माझी होती. ते तिच्यावर बसले. लोहारकामाच्या मास्तरांनी त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली. सगळ्यांसारखे त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, आणि ते हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे खाली बघितलं. मी म्हटलं, “हलला तो गेला!” सगळे हसले, मग स्थिर झाले. मी टोपण काढलं.

तेव्हा मी पाहिलं. चेहरा दगडासारखा समोर, पण गुडघ्यावरचा डावा हात उचलला गेला, सावकाश उजव्यापाशी गेला आणि त्याने तो धरला. लहान मुलाला घरात नेताना धरतात तसा. मी बजावायला हवं होतं. मी टोपण हातात धरून उभा राहिलो.

चार-सहा दिवसांनी त्यांनी फोटो आणून दिला. “बिघडला जरा,” म्हणाले.

“पुन्हा काढायचा का?”

“नगं. ऱ्हाऊ द्या.”

त्यानंतर ते शाळेत आले नाहीत. खोली सोडून गेले. कुणी म्हणत भूमला गेले, कुणी म्हणत सोलापूरला. मी दोन्हीकडे चौकशी केली. पत्ता लागला नाही, म्हणून कुठे गेले ते लिहीत नाही.

तो फोटो माझ्या घरात आहे. मुलं विचारतात, “बाबा, यात तुम्ही कुठं?” मी साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बोट ठेवतो. तिच्यावर बसलेल्या फोटोग्राफरांचा चेहरा इतका स्वच्छ आला आहे की भुवईचे केस दिसतात. मांडीवर मात्र धुक्यासारखा एक डाग आहे. नकाशे बघायचं भिंग लावून मी तो पुष्कळदा पाहिला. त्यात काळा हात कुठे संपतो आणि गोरा कुठे सुरू होतो, ते मला अजून सांगता येत नाही.