पोट्ट्याची दांडी, मायबापावर गुन्हा

"गुन्हाच दाखल करा! एका मायबापाले आत टाकलं का साऱ्या गावचे पोट्टे शाळेत येतेत!" शाळा समितीचे अध्यक्ष विनायकराव टेबलावर हात आपटून राहिले होते.

"कोणत्या कलमाखाली?" मी विचारलं.

"आजी, कलम असनच ना काहीतरी!"

"कायदा म्हणजे का तुमच्या वावराचा धुरा-बांध हाय, वाटेल तिकडं सरकवाले?"

हेडसर पंख्याकडे पाहत होते. दाराबाहेर सुनीता उभी होती. ती नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात जाते. तिची सातवीतली पूजा दिवाळीपासून शाळेत नाही. ठराव झाला की सुनीतावर पोलिसात तक्रार जाणार. ठाण्याच्या चकरा सुरू झाल्या की कारखाना दुसरी बाई ठेवणार.

हे भांडण कुठं येऊन थांबलं ते सांगतेच. पण शाळा समितीत बसलं की असे किस्से सतरंजीखालच्या धुळीसारखे साचत जातात. एक कोपरा उचलला की सगळेच उडतात!

*

मी या समितीत शिक्षणतज्ज्ञ आहे. हसू नका, कागदावर तसंच आहे. शाळेत मी एक दिवस गेले नाही. निवडणुकीत रंगवलेल्या भिंती पाहत पाहत वाचायला शिकले. पहिला शब्द लागला तो 'विजयी'.

पहिल्याच बैठकीत शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं, "आजी, आपलं शिक्षण कुठपर्यंत?"

"ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत," म्हटलं. "पुढं रंग संपला होता."

*

मागच्या वर्षी हेडसर घरोघर फिरून दम देत होते, "पोरगा शाळेत नाही आला तर जबाबदार बाप!" गजाननचा पोरगा रोज दप्तर घेऊन निघायचा आणि थेट नदीवर जायचा. गजानन भोळा माणूस. दुसऱ्या दिवशी तोच आला आणि चौथीच्या वर्गात शेवटच्या रांगेत मांडी घालून बसला.

"गजाननभाऊ, तुम्ही?"

"सर, जबाबदार मी हाय ना? मंग आलो."

सरांनी बसू दिलं. पोरांबरोबर त्यानं पाढेही म्हटले. दुपारी खिचडी खाल्ली, हात धुतले, आणि तोही पळाला!

*

माझा नातू आयुष माझ्याजवळ असतो. त्याचे मायबाप चिखलदऱ्याला हॉटेलात कामाला, म्हणून शाळेत पालक मीच. एकदा हा पठ्ठ्या आठवडाभर शाळेतून गायब. मला पत्ता नाही! शेवटी त्याच्या वर्गाच्या मॅडम घरी आल्या, चेहरा पाडून. दार मी उघडलं. मॅडम जागच्या जागी थिजल्या.

"आजी... तुम्ही? आयुष तर म्हणाला, तुम्ही गेल्या!"

"आली वापस. चहा घेता?"

चहा पोटात गेल्यावर मॅडमना नियम आठवला. गैरहजेरीच्या अर्जावर पालकाची सही लागते.

"द्या इकडं," म्हटलं, आणि नावाच्या आधी 'कै.' लिहून सही ठोकली.

*

अकोल्यात डॉक्टर बनवायचे क्लास आहेत. तिथं शिकणाऱ्या पोरांची नावं खेड्यातल्या ज्युनिअर कॉलेजात असतात आणि पोरं अकोल्यात. आमच्या विनायकरावांचा राहुलही त्यातलाच. गावच्या कॉलेजात हजेरी मात्र रोजची! एकदा तिथं तपासणीला साहेब आले. कॉलेज शाळेच्याच आवारात, मी दारातच होते.

"राहुल कुठाय?"

"पाणी प्यायला गेला, साहेब," तिथले सर म्हणाले.

साहेबांनी वाट पाहिली. घाम पुसला. पुन्हा वाट पाहिली. "अहो, गेलाय कुठं पाणी प्यायला?"

मी म्हटलं, "अकोल्याले."

त्या दिवशी कोणालाच कलम आठवलं नाही.

*

तर ते भांडण. आवाज इतका चढला की खिचडी शिजवणाऱ्या बायाही दारात येऊन उभ्या राहिल्या. मी कलम मागत होते, विनायकराव पोलीस मागत होते आणि हेडसर चहा. शेवटी सुनीताला आत बोलावलं. तिच्या कडेवर अंगावर पिणारं पोर.

"पोरगी काहून येत नाही शाळेत?" विनायकराव गरजले.

"मी ड्युटीवर गेली का ह्याले पूजाच पाहते, भाऊ. घरात दुसरं कोणी नाही. अंगणवाडीवाली म्हणे, लयच लहान हाय, आमी नाही ठेवत."

"ते आमाले सांगू नको! पोरगी आली नाही तं तुले जेलमंदी जा लागन!"

मी तोंड उघडणारच होते. तेवढ्यात सुनीतानं हेडसरांना हळूच विचारलं, "सर, जेलमंदी अंगावरचं लेकरू मायसंगं ठेवू देतेत का?"

"देतात," हेडसर म्हणाले. तेवढा एक नियम त्यांना पक्का माहीत होता.

सुनीतानं पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"मंग टाका मले आत. हा माह्याजवळ राहीन, अन् पोरगी शाळेत येईन."