मन्मथआप्पांनी ऐकलेला लांब सूर

केजच्या बाजारपेठेत मन्मथआप्पांचे भांड्यांचे दुकान होते. लग्नाच्या खरेदीला आलेल्या वधूपित्याला परात किंवा हंडा दाखवण्याआधी आप्पा एक प्रश्न विचारत, "बँड कोनाचा सांगितला?" उत्तर "उस्मानमास्तरांचा" असे आले, तर आप्पा स्वतः गादीवरून उठत आणि वरच्या फळीवरची जड भांडी खाली काढत. "किसनमास्तरांचा" असे आले, तर "बरं हाय. टायमावर येतेत बिचारे," एवढेच म्हणत. आणि कोणी डीजे ठरवल्याचे सांगितले, तर चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत म्हणत, "मग भांडे तरी जाड घ्या. घरात कायतरी सुरात वाजाया पायजे का न्हाई?"

आप्पा गेल्या हिवाळ्यात गेले. ज्यांनी त्यांना पाहिले नाही, त्यांच्यासाठी त्यांचे वर्णन थोडक्यात असे करता येईल : कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराला पडलेला घट्टा. तो घट्टा भांडी ठोकून पडला होता. गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी ते प्रत्येक भांडे बोटाने ठोकत, कानाजवळ नेत आणि निकाल देत. "ठोका दिला की खरं बोलतंय," हे त्यांचे वाक्य. माणसांनाही ते हाच नियम लावत. एखादा नवा वाजवणारा त्यांना आवडला नाही, तर "पितळंचा मुलामा हाय, आत पत्रा," असे ते सांगत आणि त्यावर अपील नसे. मी गणिताचा शिक्षक. पुराव्याशिवाय निकाल देणाऱ्या माणसाचा मला राग यावा. पण आप्पांचा निकाल बहुतेक वेळा खरा ठरे, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

आता हे दोन मास्तर कोण, ते क्रमाने सांगतो. पूर्वी केजमध्ये नावाजलेला असा एकच बँड होता आणि त्यात दोन क्लॅरिनेट असत. पहिले उस्मानमास्तर वाजवत, दुसरे किसनमास्तर. पहिले क्लॅरिनेट गाण्याची चाल वाजवते. दुसरे तिला आधार देते, कधी खालच्या सुरात, कधी त्याच सुरात. वरातीत लोकांचे लक्ष अर्थातच पहिल्याकडे जाते. एका जुन्या, संथ गाण्याच्या शेवटच्या ओळीपूर्वी उस्मानमास्तर एक सूर इतका लांबवत, की नाचणारे थांबत आणि कडेची माणसे मनातल्या मनात आकडे मोजू लागत. त्या सुरासाठी धारूर-अंबाजोगाईकडची माणसे लग्नाची तारीख बदलून घेत, असे आप्पा सांगत. यातला अतिशयोक्तीचा भाग मी वजा करत असे. तरी बाकी पुष्कळ उरे.

मग एका लग्नसराईनंतर बँड फुटला. किसनमास्तर बाहेर पडले, त्यांनी स्वतःचा बँड उभा केला आणि गावात दोन पक्ष झाले. त्याला आता तीस वर्षे होऊन गेली असतील.

आप्पांच्या दुकानाच्या पायऱ्या ही या वादाची जागा. संध्याकाळी तिथे आम्ही तिघे ठरलेले : उस्मानमास्तरांच्या पक्षाचे आप्पा, किसनमास्तरांच्या पक्षाचा मी, आणि कोणत्याच पक्षाचे नसलेले, पण दोन्हीकडे काडी लावणारे भीमराव. भीमराव एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्तीनंतरही त्यांचा आवाज मागच्या सीटपर्यंत जात असे.

"आप्पा, तुमच्या मास्तराचा दम ऱ्हायला न्हाई," भीमराव सुरुवात करत. "परवा दोन ओळीत तीन स्टॉप घेतले. आमची केज-बीड गाडी बी येवढी थांबत नव्हती."

"तुमची गाडी थांबत नव्हती म्हनूनच प्याशिंजर बोंबलायचे. गप बसा."

एकदा मी या वादाचा शास्त्रशुद्ध निकाल लावण्यासाठी वहीत रकाने आखून नेले होते : सूर, ताल, शिस्त, वेळ. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरजेत किसनमास्तर पुढे निघाले. आप्पांनी वही हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली.

"गुरुजी, बँड ऐकला का पेपर तपासला? ह्याच्यात त्यो लांब सूर कुटं हाय?"

"एका सुराला वेगळे गुण कसे देणार, आप्पा?"

"तेच तर. तुमच्या वहीत त्यो मावतच न्हाई."

दोन्ही मास्तरांनी पुन्हा एकदा एकत्र वाजवावे की नाही, हा आमचा दुसरा आवडता विषय. भीमराव म्हणत, वाजवावेच. मी म्हणे, वाजवू नये. कारण आपल्याला जे ऐकायचे असते ते त्या दोघांचे वाजवणे नसते, आपले तरुणपण असते, आणि ते कोणताही बँड परत आणू शकत नाही. भीमराव यावर "हे शाळंत सांगा" असे म्हणत. नवलाची गोष्ट अशी, की प्रत्येक विषयात निकाल देणारे आप्पा इथे गप्प बसत. बँड का फुटला, या प्रश्नावरही तसेच. बँडच्या हातगाडीवर नाव कोणाचे लिहायचे यावरून फुटला, असे भीमरावांचे मत. एका तरुणाने एकदा त्यात धर्म आणला, तेव्हा मात्र आप्पा कडाडले, "दोगांच्या घरच्या बाया आजबी एका नळावर पानी भरतेत. जा, बघून ये आन् मग बोल."

"मग फुटला कावून, आप्पा? सांगा की तुमी," भीमरावांनी विचारले.

आप्पांनी आधीच लखलखीत असलेला तांब्या पुसायला घेतला.

उत्तर मला मिळाले ते त्यांच्या नातीचे लग्न ठरले तेव्हा. भर दुपारी, दुकानात कोणी नसताना, त्यांनी मला आत बोलावून गादीवर बसवले.

"गुरुजी, बँड मी फोडला."

त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात उस्मानमास्तरांनी तो सूर असा काही लांबवला, की आप्पांना राहवले नाही. त्यांनी स्वतःच्या डोक्याचा फेटा उतरवून मास्तरांच्या डोक्यावर बांधला आणि भर वरातीत ओरडून सांगितले, "खरा बँड येवढाच! बाकीचे नुसते संगं चालनारे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. किसनमास्तर चार हातांवर उभे होते. पुढच्या लग्नसराईत ते त्या बँडमध्ये नव्हते.

"दर साली कपिलधारला जातो," आप्पा म्हणाले. "तितं स्वामींच्या समाधीपुडं सांगून बी आलो. पर किसनमास्तराचं घर मागच्या गल्लीत हाय, तितं गेलो न्हाई. नातीच्या लग्नात दोगांनी एकदा संगं वाजवलं, तर तसंच भर वरातीत माझं बोलनं मी मागं घीन. तुमी चला संगं. माझ्यानं एकट्यानं व्हायाचं न्हाई."

मी गेलो. किसनमास्तर अंगणात ढोलाच्या दोऱ्या आवळत बसले होते. आप्पा उभ्यानेच, हात जोडून, सगळे बोलले. गावात कोणी त्यांना असे हात जोडताना पाहिले नव्हते.

किसनमास्तरांनी दोरी सोडली नाही. "ऐकलं व्हतं, आप्पा. ढोल बंद व्हता तवा."

"मग आता माफ करा. आन् एकदा संगं वाजवा."

मास्तर हसले आणि त्यांनी तोंड उघडून दाखवले. समोरचे दात गेले होते. "कवळीवर क्लारनेट धरत न्हाई. चार म्हैने झाले, पोरगाच बँड बघतो. वाजवाया न्हाई, पर ऐकाया येतो."

परत येताना आप्पा एकच शब्द बोलले : "उशीर." त्यांना जे दुरुस्त करायचे होते, त्याची मुदत संपली होती. क्षमा मिळाली की नाही, हेही त्यांना कळले नव्हते, कारण किसनमास्तरांनी तसे काही म्हटलेच नव्हते.

लग्नाच्या दिवशी बाराच्या सुमाराला मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. घोड्यावर नवरदेव, पुढे उस्मानमास्तरांचा बँड. किसनमास्तर इस्त्रीचा सदरा घालून पाहुण्यासारखे आले आणि आप्पांच्या शेजारी चालू लागले. मी आणि भीमराव त्यांच्या मागे होतो. आप्पांनी ते जुने गाणे सांगितले. बँड फुटल्यापासून उस्मानमास्तर काही ना काही निमित्त काढून ते टाळत आले होते. गाणे सुरू झाले आणि आप्पांची नजर सवयीने उस्मानमास्तरांवर गेली.

"आप्पा, पुढच्याकडं बघू नका," किसनमास्तर म्हणाले. "मागं ऐका. त्यो दुसरा क्लारनेटवाला बघा, आता खाली गेला. त्येच्या जिवावर उस्मान वर चाललाय. आता ढोल एक घाव सोडंल. सोडला बघा."

आप्पा ऐकत होते. मीही ऐकत होतो, आणि मला कबूल केले पाहिजे, की इतक्या वर्षांच्या वादात मीही ते कधी ऐकले नव्हते. माझ्या चार रकान्यांत त्याची जागाच नव्हती.

मग तो लांब सूर आला. उस्मानमास्तरांनी डोळे मिटले, सूर धरला, चढवला, आणि मध्येच तो तुटला. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा धरला. सगळ्यांनी ते ऐकले.

"वय झालं मास्तराचं," भीमराव हळहळले.

"वयाचं न्हाई," किसनमास्तर नजर न हलवता म्हणाले. "त्यो तितंच तुटायचा. पयल्यापासून."

आप्पांनी वळून पाहिले. "म्हंजे?"

"हितं मी व्हतो."

ज्यांना या वाद्याची माहिती नाही, त्यांच्यासाठी स्पष्ट करतो. एका माणसाच्या छातीत मावणार नाही एवढा तो सूर होता. उस्मानमास्तरांचा दम संपत आला, की किसनमास्तर तोच सूर हलकेच उचलत, ते श्वास घेईपर्यंत धरून ठेवत आणि मग बाजूला होत. दोन्ही वाद्ये एक, सूर एक. जोड ऐकू येत नसे. आप्पांनी ज्या सुरासाठी फेटा बांधला होता, त्याचा मधला भाग ज्याचा होता, त्यालाच त्यांनी नुसता संगे चालणारा म्हटले होते.

"आन् तुमी त्या दिशी बोलले न्हाई?" आप्पांचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"मी बोललो आसतो तर उस्मानचं काय ऱ्हायलं आसतं? आन् ते सांगनं त्येचं काम व्हतं."

एवढे ऐकून आप्पा थेट वाजवणाऱ्यांच्या मधून पुढे गेले आणि त्यांनी हात वर केला. बँड थांबला. घोडाही थांबला. मला काळजी वाटली ती उस्मानमास्तरांची. त्यांच्या नावाची सगळी इमारत त्या एका सुरावर उभी होती, आणि आता त्यांच्याच माणसांसमोर ती पाडली जाणार होती. आप्पांनी ते ओळखले असावे. त्यांनी शब्द फार जपून वापरले.

"ह्याच गावात, आशाच वरातीत, मी किसनमास्तराला नुसता संगं चालनारा म्हनलो व्हतो," ते मोठ्याने म्हणाले. "ते खोटं व्हतं. त्यो सूर दोगांचा व्हता. उस्मानमास्तराकडं दोष न्हाई. माझा कान कच्चा निगाला."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उस्मानमास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतले. ते काही वेळ त्याच्या कळांवरून बोट फिरवत राहिले.

"न्हाई आप्पा," ते म्हणाले. "कान तुमचा आसंल, पर फेटा मी घेतला. लोक टाळ्या वाजवत व्हते. तवाच म्हनाया पायजे व्हतं, का ह्यो निम्मा त्येचा हाय. म्हनलो न्हाई. मग रोजच उशीर व्हत गेला."

सगळी वरात किसनमास्तरांकडे पाहू लागली. दोन-चार जणांनी मोबाइल वर धरले. आता गळाभेट होणार, अशी त्यांची अपेक्षा होती. किसनमास्तरांनी घोड्याकडे पाहिले, घामाने निथळणाऱ्या नवरदेवाकडे पाहिले आणि म्हणाले, "उस्मान, पुढं चल बे. नवरदेव उनात हाय."

लोक हसले, ढोलावर घाव पडला आणि वरात चालू लागली. आप्पा आपल्या जागी परत आले. कोणी सांगितले नव्हते, तरी उस्मानमास्तरांनी तेच गाणे पहिल्यापासून घेतले. लांब सूर आला. तो त्याच जागी तुटला. या वेळी उस्मानमास्तरांनी घाई केली नाही. क्लॅरिनेट ओठांपासून दूर नेऊन त्यांनी सगळ्यांना दिसेल असा सावकाश श्वास घेतला. आणि तेवढ्या वेळात किसनमास्तरांनी, ओठ मिटलेले ठेवून, तो सूर घशात धरला.

ढोलांच्या आवाजात तो चार हातांपलीकडे गेला नसेल. आप्पा मात्र शेजारी होते. त्यांनी चष्मा काढला, पुढे चाललेल्या बँडकडे पाठ केली आणि सूर संपेपर्यंत किसनमास्तरांकडे तोंड करून उभे राहिले.