पलीकडच्या काठाच्याही पुढे

लेस्टर नॉस्केच्या निवृत्तीची तयारी इतकी चोख होती की मला हेवा वाटला. सल्लागाराने त्याला रंगीत फाइल करून दिली होती. वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षापर्यंत तो काय खाणार, कुठे राहणार, कशावर जगणार, सगळं तीत होतं. पहिल्या सोमवारी उठून काय करायचं, एवढंच नव्हतं.

आमच्या गावापाशी मरे नावाच्या नदीवर पूल नाही. छत्तीस वर्षं लेस्टरने फेरीबोट चालवली. या काठाला गाड्या घ्यायच्या, त्या काठाला सोडायच्या. प्रत्येकाला तो एकच शब्द बोलायचा, "हँडब्रेक!" त्यावर समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. आमच्याकडे एवढ्यालाच नमस्कार म्हणतात.

निरोप समारंभात गावाने त्याला मासे धरायचा भारी गळ दिला. त्याला मासे आवडतात का, हे छत्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सहाला तो स्वतःची गाडी घेऊन बोटीवर हजर! पलीकडे गेला, वळला, परत आला. बुधवारपर्यंत दिवसाला चौदा खेपा झाल्या. वर शेजारच्या गाड्यांच्या काचा ठोठावून "हँडब्रेक!" चालूच. बोटीची नवी चालक टानिया दात-ओठ खात बोट हाकायची.

शेवटी त्याची बायको व्हेरा माझ्याकडे आली. "तू नाटकवाली. निवृत्त कसं व्हायचं, शिकव त्याला."

"मी चार वेळा झालेय. दर वेळी फुलं, भाषणं, रडारड, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोंडाला रंग."

"म्हणजे अनुभव दांडगा आहे. ऊठ."

गुरुवारी मी त्याच्या गाडीत शेजारी बसले. पलीकडचा चढ चढून त्याने सवयीने गाडी वळवायला घेतली.

"हा रस्ता कुठे जातो रे?"

"वर."

"वर म्हणजे?"

तो गाडी थांबवून म्हणाला, "बघितला नाही कधी."

"छत्तीस वर्षांत?"

"मी गेलो असतो तर बोट काय तू चालवली असतीस, म्हातारे?"

"आणि आज?"

त्याने आधीच स्वच्छ असलेला आरसा पुन्हा पुसायला घेतला. पहिल्या प्रयोगाआधी विंगेत उभे राहिलेलेही असंच काहीतरी पुसत राहतात. तेव्हा उपदेश करायचा नसतो. मी दार उघडून उतरले. "हा प्रवेश एकट्याचा आहे."

गाडी टेकडीआड गेली. त्याची वाट पाहत मीच बोटीवर अकरा खेपा मारल्या. "एक उतरला तर दुसरी चढली," टानिया पुटपुटली. व्हेरा अलीकडच्या काठावर, हातात सँडविच. "फिरेल ना गं तो परत?" दर खेपेला तेच.

उन्हं कलताना धुळीने माखलेली गाडी पलीकडच्या उतारावरून बोटीवर आली. काच खाली, लेस्टर बाहेर डोकावून ओरडतोय, "टेकडीमागे बदामाच्या बागा आहेत! मैलोन् मैल! कुणी बोललं नाही मला!"

"हँडब्रेक, नॉस्के," टानिया म्हणाली.

मला वाटलं, आता भांडण. त्याने मुकाट्याने ब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवरून एक बोट उचललं.