डोळे वर म्हणजे हो

“तुमच्या शरीरातले सैनिक तुमच्याच नसांवर उलटलेत,” डॉक्टर म्हणाले.

आजाराचं नाव गियाँ-बारे सिंड्रोम, थोडक्यात जीबीएस. शरीराची संरक्षणव्यवस्था जंतूंशी लढायचं सोडून नसांवरचं आवरण कुरतडायला लागते आणि पायांपासून वर वर ताकद जात जाते. बहुतेक लोक यातून बरे होतात, हेही त्यांनी सांगितलं. ते माझ्या कानांत शिरलंच नाही. आपलंच शरीर फितूर झालं, एवढंच डोक्यात बसलं. अजून कोणकोण फितूर होणार होतं, ते तेव्हा कुठे माहीत होतं!

मी नाशिकला पंचवटीतल्या एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायचे. आधी चार दिवस जुलाब झाले, ते थांबले. मग तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. एकदा फळ्यावर गणित लिहिताना हातातून खडू सुटला. उचलायला वाकले, तर मला उठताच येईना. मुलं हसली, मीही हसले. हे सगळं तुमच्या बाबतीत झालं तर हसत बसू नका, दवाखाना गाठा.

आयसीयूत मला सुनंदा सिस्टर भेटली. हरसूलकडची, माझ्याहून बरीच लहान, तोडून बोलणारी. सारखी यायची आणि म्हणायची, “ताई, एका श्वासात आकडे म्हणा.” मला राग यायचा. चौथीच्या बाईला आकडे म्हणायला लावते म्हणजे काय! पण त्यावरून ती माझा श्वास किती पुरतो ते जोखत होती. मग उशीवरून मान उचलायची, खोकून दाखवायचं, थुंकी गिळायची. एका दुपारी मी आठावरच अडकले आणि मान काही उचलेना. तिनं तडक डॉक्टरांना गाठलं. “सर, पेशंट दमलंय. आता वाट नको बघायला.”

संध्याकाळच्या आत माझ्या घशात नळी होती आणि व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं यंत्र, माझ्या वतीनं श्वास घेत होतं. तिनं आणखी थोडा वेळ घालवला असता तर हे लिहायला मी उरले नसते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल फारसं चांगलं बोलणार नाही.

या आजारात शरीर निजतं, पण डोकं टक्क जागं असतं. नळीमुळे आवाज नाही, हात नाहीत, पाय नाहीत. माझे फक्त डोळे शाबूत होते. सुनंदानं ते ओळखलं आणि खूण ठरवली. “डोळे वर म्हणजे हो. मिटले म्हणजे नाही. आणि ताई, मीपण तुम्हाला खोटं सांगणार नाही. सुई टोचणार असेन तर टोचणार असंच सांगेन.”

तिनं ते पाळलंही. सक्शन म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं. त्याआधी ती सांगायची, “आता जीव गुदमरल्यासारखा होईल.” आणि तसाच व्हायचा. इतर सगळे “काही नाही, काही नाही” करायचे. त्या खोलीत माझा विश्वास बसावा असं एकच माणूस होतं.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, आक्कानं. आडगावच्या बाजूला तिचा फुलांचा मळा. सकाळी मार्केटला फुलं टाकली की ती दवाखान्यात यायची आणि भेटीची वेळ संपेपर्यंत माझे तळवे चोळत बसायची. “बोल की गं, किती गप बसशील,” म्हणायची. मग एकदम तिचं येणं थांबलं. आमचे हे म्हणाले, “आक्कांना जरा ताप आहे.”

काही दिवसांनी आक्काचा मुलगा दत्तू आला. आयसीयूचा नियम म्हणून अंगात गाऊन, डोक्यावर हिरवी टोपी. “मावशे, आई येणार हाय. पाय मुरगळलाय, दुसरं काय नाय.”

हे ताप म्हणाले होते, दत्तू पाय म्हणत होता. पण मी ऐकतच नव्हते, मी त्याच्या ओठांवर बघत होते. कॉलेजपासून जपलेली, जिच्यावरून मी त्याला सारखं चिडवायचे, ती मिशी नव्हती. त्याचे वडील तर कधीच गेले होते. टोपीनं गोटा झाकला होता. मिशीचं भान कुणालाच राहिलं नव्हतं.

मी सुनंदाकडे डोळे वळवले. ती वाकली. “दुखतंय?” मी डोळे मिटले. “आक्कांबद्दल विचारायचंय?” डोळे वर.

“बऱ्या आहेत. येतील,” ती म्हणाली. माझ्याकडे नाही, मॉनिटरकडे बघत.

मॉनिटर ठणाणा करू लागला आणि मला झोपेचं औषध दिलं गेलं. रडायलासुद्धा त्या यंत्राची परवानगी नव्हती. त्यानंतर ती काहीही विचारो, मी डोळे मिटायचे. कूस बदलू? नाही. तोंड पुसू? नाही. ती तरीही दर दोन तासांनी मला वळवायची, त्यामुळे माझ्या पाठीला एकही जखम झाली नाही.

पुढे ट्रॅकिओस्टॉमी झाली, म्हणजे गळ्याला छेद देऊन तिथून नळी बसवली. हळूहळू ताकद परत आली, यंत्र सुटलं. नळीवर बोट ठेवलं की आता आवाज निघेल, असं सांगून डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. हे अगदी पुढे उभे होते. सुनंदानं बोट ठेवलं.

“आक्का कधी गेली?” मी म्हणाले.

हे मटकन स्टुलावर बसले. “तुझ्यासाठीच गं,” एवढंच म्हणत राहिले. आक्काला झोपेतच हार्ट अटॅक आला होता. डॉक्टर म्हणाले, “या आजारात बीपी आणि नाडी कशीही उसळते. धक्का झेपला नसता. मीच नको म्हणालो होतो.”

त्यांचं बरोबर असेल. पण माझ्या आईसारख्या बहिणीचं सुतक सगळ्या घरानं माझ्याआड पाळलं आणि माझ्यासमोर नाटक केलं, ते मी अजून गिळलेलं नाही. तुमचं माणूस आत असेल तर काय सांगायचं, काय नाही, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण ते माणूस विचारत असेल, तर निदान त्याच्याकडे बघून उत्तर द्या.

घरी निघाले त्या दिवशी सुनंदा व्हीलचेअर ढकलत दारापर्यंत आली. मी विचारलं, “उद्या मला पुन्हा इथं आणलं आणि पुन्हा असंच काही झालं, तर खरं सांगशील?”

ती समोर येऊन उकिडवी बसली. मग माझ्याकडे बघत तिनं सावकाश डोळे मिटले.

आमच्या खुणेत ते ‘नाही’ होतं. मी तिचा हात धरला. या वेळी तिनं मला फसवलं नव्हतं.