थिनलेचा सुजलेला हात

पारोच्या खोऱ्यात थिनलेचा नेम सगळ्यांना माहीत होता आणि थिनलेला तो जरा जास्तच माहीत होता. गावातल्या पोरांनी परदेशी बनावटीची धनुष्यं आणली, तरी हा आपलं बांबूचंच ओढायचा. त्यांच्या चाका-तारांकडे बघून नाक मुरडायचा.

लग्नानंतर तो रिवाजाप्रमाणे बायकोच्या घरी, वरच्या गावात राहायला गेला होता. खालचं गाव त्याचं जन्माचं. तिथलं घर थोरली बहीण सेल्डन सांभाळायची. नववर्षाला दोन्ही गावांत तिरंदाजीचा सामना होई आणि थिनले दर वर्षी जन्मगावाविरुद्ध बाण मारी. यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

मग त्याच्या उजव्या हाताची बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना. महिने गेले तरी सूज हटेना. लोकांनी विचारलं की तो सांगायचा, गायीने पाय दिला.

"एकाच हातावर किती गायी पाय देणार?" बायको, ल्हादेन, म्हणाली आणि त्याला इस्पितळात घेऊन गेली.

तिथे डॉक्टर आणि पारंपरिक वैद्य एकाच व्हरांड्यात बसत. डॉक्टरने रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि शेजारी वैद्यांनाही दाखवा म्हणून सांगितलं. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि शेजारच्या गोळ्या चुकवू नका म्हणून बजावलं. दोघांचं इतकं एकमत पाहून थिनलेला संशय आला.

"पण हे आहे तरी काय?" त्याने वैद्याला विचारलं.

"घरी कुत्रा आहे?"

"आहे की."

"चोर आला की भुंकतो, चोर गेला की गप्प बसतो. अंगातली सूजही तशीच राखणदार. पण तुमचा कुत्रा चोर गेला तरी भुंकतोच आहे, आणि आता घरच्यांनाच चावतोय."

"मग हाकलून द्या त्याला."

"तो तुमचाच आहे. जाणार कुठे? शांत ठेवायचा. दारू बंद, डुकराची चरबी बंद. वेळेवर झोप. गोळ्या आहेतच. आणि तापल्या दगडांचं स्नान."

"नववर्षाला पण दारू नाही?"

"कुत्र्याला नववर्ष कळत नाही," वैद्य म्हणाले आणि पुढच्या माणसाची जीभ बघायला लागले.

दगडांच्या स्नानासाठी लाकडी हौद होता तो सेल्डनकडे, नदीकाठी. ती नदीतले गोटे जाळात लाल होईपर्यंत भाजायची आणि हौदात, आडव्या फळीच्या पलीकडे सोडायची, म्हणजे अंगाला चटका बसत नसे. पाणी फुस्स करायचं. वर दवण्यासारखा कडू वासाचा पाला टाकायची आणि भावाला गळ्यापर्यंत बुडवून यथेच्छ बोलायची. बाहेर येताना बोटं सैल झालेली असत, सकाळी पुन्हा आखडत. हळूहळू सकाळीही मूठ वळू लागली. थिनले याचं श्रेय दगडांना द्यायचा, ल्हादेन गोळ्यांना, आणि सेल्डन दारू सुटली त्याला.

"हाताचं कोणाला सांगू नकोस," त्याने बहिणीला बजावलं. "सामन्यात फाडून खातील."

"मी कशाला सांगू?" सेल्डन म्हणाली. तिच्यामागे शेजारणी दगडांच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या.

सामन्याआधी वरच्या गावच्या कप्तानाने थिनलेला बाजूला घेतलं. सरावात त्याचे बाण लक्ष्याच्या अलीकडेच पडत होते. आजही तसंच झालं, तर त्याने यापुढे म्हाताऱ्यांत बसून इतरांना दारू वाढायची होती. ती प्यायची त्याला बंदी होती, हे त्या भल्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

दोन्हीकडच्या बायका नाचत होत्या आणि समोरच्या गड्यांची सालं काढत होत्या. तेच त्यांचं काम. थिनले उभा राहिला तशी सेल्डनची टोळी सुरू झाली. त्याचं टक्कल निघालं, कान निघाले, घोरणं निघालं. हात काही निघाला नाही. तो वाट बघत होता. त्याने बाण सोडला आणि तो मैदानातच पडला.

कोणी हसलं नाही. सेल्डन खाली बघत होती.

तेव्हा मात्र थिनले घाबरला. या मैदानावर आजवर कोणाची गय झालेली त्याला आठवत नव्हती. धनुष्य आणि उरलेला दुसरा बाण खाली ठेवून तो तसाच पलीकडच्या टोकाला, सेल्डनपर्यंत चालत गेला. सामना थांबला.

"हाताबद्दल का बोलत नाही?"

"तूच म्हणालास ना, बोलू नकोस," सेल्डन पुटपुटली.

"म्हणून बाण पडला तरी हसायचं नाही? मी काय मेलोय?"

सेल्डनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने बाहीने पुसलं, कमरेवर हात ठेवले आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं.

"अगं बघा गं! हात आहे का मुळा? महिनाभर शिजवतेय, मेला कच्चाच!"

"मुळा बरा," मागून कोणी ओरडली, "मुळ्याला ऐट नसते!"

सगळं मैदान हसलं. त्याच्या बाजूची माणसंही हसली, ल्हादेन तर सगळ्यांत मोठ्याने. थिनले समाधानाने परत गेला आणि त्याने धनुष्य उचललं. सांधे ठणकले. त्याने पूर्ण ओढलं आणि बाण सोडला. लक्ष्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, तो चिखलात रुतला.

लागला नाही. पण पोचला. कप्तानाने दारूचा घडा उचलून दुसऱ्याच कोणाच्या हातात दिला.

संध्याकाळी थिनले हौदात बसला होता. हात पुन्हा फुगला होता. सेल्डनने एक दगड सोडला.

"मुळा म्हणजे जरा जास्तच झालं," तो म्हणाला.

"बरं. पुढच्या वर्षी वांगं म्हणेन."

थिनलेला त्यातलं 'पुढच्या वर्षी' तेवढं ऐकू आलं. त्याने हात पाण्यात खोल बुडवला आणि अजून एक दगड टाक म्हणाला.